घटकाभर उजेड

‘काढणे’ हे मराठीतले मोठे कष्टाळू क्रियापद आहे. आपण विहिरीतून पाणी काढतो, पायातला काटा काढतो, दारात रांगोळी काढतो, माहेरची आठवण काढतो, शेजाऱ्याची कुरापत काढतो, आणि यांतले काहीच जमण्यासारखे नसले म्हणजे नुसते दिवस काढतो. एकदा वर्गात ही यादी फळ्यावर लिहीत होते, तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, “मॅडम, कर्जसुद्धा!” तेही लिहिले. त्या यादीतली सर्वांत धाकटी नोंद ‘फोटो काढणे’ ही. वेळेच्या पोटात काहीतरी दडलेले आहे, ते अलगद बाहेर ओढून घ्यावे, असाच काहीसा भाव हा शब्दप्रयोग प्रथम करणाऱ्याच्या मनात असला पाहिजे.

गेली चार वर्षे मी एका तळ्यातून फोटो काढते आहे. तळे ठाण्याच्या पाचपाखाडीतले, नाव कचराळी. नावावर जाऊ नका. माणसाप्रमाणे तळ्यालाही आपले नाव निवडता येत नाही. ठाण्याला तलावांचे शहर म्हणतात. एके काळी येथे साठांहून अधिक तलाव होते असे सांगतात. आज त्यांतले पस्तीसएक उरले आहेत. बाकीच्यांच्या जागी काय काय उभे आहे हे पत्ता शोधीत फिरणाऱ्या पोस्टमनला विचारावे. उरलेल्यांपैकी मासुंदा तलाव सर्वांना ठाऊक. त्याच्या काठी कोपिनेश्वराचे देऊळ आहे, गडकरी रंगायतन आहे, तलावपाळी आहे, नौका आहेत आणि भेळ आहे. दिवाळीच्या पहाटे नवे कपडे घातलेली सारी तरुणाई तिथे आणि राममारुती रस्त्यावर लोटते. ती गर्दी पाहायला मला आवडते, पण तिच्यात तिकटी रोवायला जागा नसते. आमचे कचराळी त्या मानाने घरगुती. भोवती फिरायची वाट, झाडे, बाके आणि त्यापलीकडे तीन-चार मजली जुन्या इमारती. महापालिकेचे मुख्य कार्यालय हाकेच्या अंतरावर असूनही भल्या पहाटे येथे अर्ज कोणी करीत नाही, हे या तळ्याचे आणखी एक भाग्य.

“एकाच तळ्याचे इतके फोटो कशाला?” असे मला अनेकजण विचारतात. मोने नावाचा एक फ्रेंच चित्रकार १८८३ साली जिवर्नी या खेड्यात राहायला गेला. तिथे त्याने अंगणापलीकडे एक तळे करून घेतले आणि त्यातल्या कमळांची सुमारे अडीचशे चित्रे रंगवली. त्याला हा प्रश्न कोणी विचारला असेल तर तो नक्कीच घरातल्याच माणसाने. तळे तेच असते, उजेड तो नसतो. मोनेने आयुष्यभर काढली ती उजेडाचीच चित्रे. तळे हे निमित्त.

आता तुम्ही आपल्या घरातला जुना आल्बम काढून पाहा. आमच्या वडिलांकडे आग्फा कंपनीचा ‘क्लिक थ्री’ कॅमेरा होता. त्यात एकशेवीस नंबरचा रोल बसे आणि त्यावर मोजून बारा चौकोनी फोटो येत. बारा म्हणजे बाराच; त्यामुळे तेरावा आतेभाऊ नेहमी रुसत असे. त्या साध्या कॅमेऱ्याला लख्ख ऊन लागे. म्हणून आमच्या आल्बमात सगळे नातेवाईक अकरा-बाराच्या उन्हात, डोळे बारीक करून, भिंतीला पाठ लावून उभे आहेत. मुंज आहे, बारसे आहे, माथेरानची सहल आहे. पण पहाट एकही नाही आणि तिन्हीसांजही नाही. पुढच्या काळातल्या कोणी केवळ आल्बमांवरून आपला इतिहास लिहायचे ठरवले, तर या देशात सूर्य फक्त डोक्यावरच असे, असा सिद्धांत तो सहज मांडील.

त्याला कारण एकट्या कॅमेऱ्याचेच नव्हे. पहाट आणि दिवेलागण या दोन वेळा घरातल्या कोणाच्या हातात असतात? पुरुषांच्या काही प्रमाणात असतात. बाईच्या हातात तेव्हा दूध असते, नाहीतर डबा असतो, नाहीतर कुकरचे झाकण असते. आमच्या कविता प्रभातीच्या लालीने आणि सांजरंगांनी नुसत्या भरून गेल्या आहेत. मी त्या वीस वर्षे शिकवते आहे. पण घरच्या धबडग्यातल्या बाईने ती प्रभात बहुधा जाळीतून पाहिली. मीसुद्धा पाचचा गजर लावून आधी पोळ्या लाटायच्या आणि मग तळ्यावर जायचे, असे पहिले सहा महिने केले. पोळ्या होईपर्यंत उजेड माझ्यासाठी थांबत नसे. शेवटी ह्यांनी आपण होऊन चहा आणि कणीक अशी दोन खाती आपल्याकडे घेतली. कणीक पहिल्या आठवड्यात फार सैल होत असे. त्याविषयी अधिक लिहिणार नाही, कारण हा अंक घरीही येतो.

उजेड थांबत नाही म्हणजे किती थांबत नाही, ते सांगते. सूर्य क्षितिजाखाली सहा अंशांवर असल्यापासून उगवेपर्यंतच्या वेळेला ज्योतिषशास्त्रात नागरी संधिप्रकाश म्हणतात. आपल्या अक्षांशांवर तो जेमतेम बावीस-तेवीस मिनिटांचा असतो. आपल्या पूर्वजांची घटका चोवीस मिनिटांची होती, तेव्हा घटकाभरच म्हणा. युरोपात उत्तरेकडे हाच संधिप्रकाश उन्हाळ्यात तासभर रेंगाळतो. तिथल्या माणसाला चहा पिऊन, पाइप ओढून फोटो काढता येतो. आपल्याकडे सूर्य क्षितिजावर जवळजवळ उभा चढतो आणि उभाच उतरतो, म्हणून सारे घाईचे काम. या एका घटकेत उजेड शंभरपटींहून अधिक वाढतो. कॅमेऱ्याचे झडपझाकण एका मिनिटाला जुळवावे, तो दुसऱ्या मिनिटाला ते जुने झालेले असते. आरंभी झडप सेकंदभर उघडी ठेवावी लागते. हात हलला की तळे हलते, म्हणून तिकटी हवीच. सूर्य वर आला की तिकटी ओझे होते.

या घटकेचे बारकावे मराठीने मात्र फार पूर्वीच टिपून ठेवले आहेत. साखरझोप, पहाट, झुंजूमुंजू, फटफटणे, तांबडे फुटणे, उजाडणे, कोवळी उन्हे. हे एकमेकांचे समानार्थी शब्द नव्हेत. हा एक क्रम आहे. झुंजूमुंजू असताना माणूस आहे एवढे कळते, कोण आहे ते कळत नाही. फटफटले म्हणजे चेहरा दिसतो, पण साडीचा रंग सांगता येत नाही. अंधुक उजेडात आपल्या डोळ्याला रंग नीटसे कळत नाहीत. तांबडे फुटले की रंग येतात. संध्याकाळकडे तसेच : उन्हे कलतात, मग गोरज, मग तिन्हीसांज, कातरवेळ, दिवेलागण. विद्यार्थ्यांना हे शब्द पाठ करायला लावण्यापेक्षा एकदा तळ्यावर आणावे असे मला वाटते. पण पहाटे पाचला येणारा विद्यार्थी अजून कोणत्याही विद्यापीठाने निर्माण केलेला नाही.

आणखी एक गंमत. आपले घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी रेखांशाचे, आणि ठाणे त्र्याहत्तराच्या आसपास. म्हणजे आपला सूर्य आपल्या घड्याळाच्या अडतीसएक मिनिटे मागे चालतो. मुंबईने आपली निराळी वेळ १९५५ पर्यंत जपली होती, ती याच कारणाने. त्यातून पूर्वेला पारसिकचा डोंगर आणि पश्चिमेला येऊरचा. पंचांगातला सूर्य उगवल्यावर आमचा थोड्या वेळाने उगवतो आणि मावळतो मात्र थोडा आधी. दिवाळीच्या दिवसांत येथे सूर्योदय साडेसहा ते पावणेसातच्या दरम्यान असतो. म्हणून सहाला तळ्यावर पोहोचावे. उशीर झाला तर फोटो मिळतो, पण तो दिवसाचा.

पहाटेचे पाणी आरशासारखे का असते, हे शाळेतल्या भूगोलात आहे. दिवसा समुद्रावरून खारे वारे येतात. रात्री जमीन निवते, ते वारे पडतात आणि मतलई वाऱ्याला या बाजूला फारसा जोर नसतो. पाण्यावर सुरकुती उमटत नाही. तरीही सगळे पाणी सारखेच आरसा होत नाही. पायाशी, सरळ खाली पाहिले तर पाणी फक्त दोन टक्के उजेड परतवते. तिथे शेवाळ दिसते, मासे दिसतात आणि कोणीतरी भिरकावलेली चपलाही दिसते. नजर जसजशी दूर, तिरपी जाईल तसतसे त्यातले आकाश वाढत जाते. फोटो काढणाराने खाली बसावे ते यासाठी. मी बसते तेव्हा फेऱ्या मारणाऱ्या बायका काळजीने विचारतात, “चक्कर आली का हो?”

या वेळी पाण्यात पहिल्यांदा उतरते ते आकाश नव्हे. कुणाच्या तरी स्वयंपाकघरातला दिवा उतरतो. काळ्याभोर पाण्यात एक पिवळा चौकोन. मग दुसरा. मग निळसर उजेडात झाडांचे शेंडे, मग ढोकरी. हा बगळ्याच्या कुळातला मातकट पक्षी काठावर इतका निश्चल उभा राहतो की सेकंदभर झडप उघडी ठेवली तरी त्याची पिसे स्पष्ट येतात. खंड्याचे तसे नाही. त्याचा मी काढलेला प्रत्येक फोटो हा रिकाम्या फांदीचा आहे.

माणसे जवळून काढायची नाहीत असा माझा नियम आहे. पाठमोरी किंवा छायेसारखी आली तर येऊ द्यायची. पहाटे तळ्यावर येणारा माणूस जगाला दाखवायचा चेहरा अजून घरीच ठेवून आलेला असतो. एका वयस्क गृहस्थांनी मला पहिल्याच महिन्यात गाठले. “बाई, हे फोटो कुठे छापून येणार आहेत का?” मी म्हटले, “सध्या तरी नाही.” “तरी माझा काढू नका. घरी सांगितलंय, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पाच फेऱ्या मारतो म्हणून. मी इथे नुसता बसतो.” ते कोणत्या बाकावर बसतात ते मी येथेही सांगणार नाही. आजकाल प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि दुसऱ्याला न विचारता त्याचा चेहरा काढून नेणे फार सोपे झाले आहे. आपल्याला सुंदर वाटले म्हणून ते आपले झाले, असे नाही.

संध्याकाळ ही निराळी जात. वारा चालू असतो, पाणी चुरगळलेले, मुले सायकली घेऊन आलेली, हवेत दिवसभराची धूळ. त्या धुळीमुळे तांबूस रंग भडक येतो, म्हणून हौशी मंडळींची गर्दी संध्याकाळीच अधिक. मला आवडते ते त्यानंतरचे : सूर्य गेल्यावर पाच-दहा मिनिटांनी आकाशाचा उजेड आणि रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड तराजूत सारखा होतो. त्याआधी दिवे फिके, त्यानंतर आकाश काळे. तो तोल दोन-तीन मिनिटेच टिकतो. पूर्वी रस्त्यावरचे दिवे सोडियमचे, हळदीसारखे पिवळे होते आणि आकाशाच्या निळ्याशेजारी ते फार खुलून दिसत. आता पांढरे दिवे आले. विजेची बचत झाली आणि चोराला अडचण झाली, हे चांगलेच. पण पाण्यातली हळद गेली. दिवाळीत मात्र ती भरून निघते. गॅलऱ्या-गॅलऱ्यांतले आकाशकंदील उलटे होऊन तळ्यात लोंबतात. याच वेळी रातढोकऱ्या झाडांतून बाहेर पडतात, ‘वॉक्’ असे एकदाच ओरडतात आणि दिवसपाळीचे बगळे परततात. गिरणीच्या भोंग्यावाचून पाळी बदलते.

हे सगळे असेच चालणार असते तर मी फोटोंचा इतका हट्ट धरला नसता. काठावरच्या त्या तीन-चार मजली इमारतींपैकी एकेक आता पुनर्विकासाला निघाली आहे. लिफ्ट नाही, गच्ची गळते, म्हाताऱ्या माणसांना जिना चढवत नाही. तक्रारी खऱ्या आहेत आणि नवे घर मिळण्याचा आनंदही खरा आहे. ज्याच्या घरात पाऊस येतो त्याला मी माझ्या फोटोसाठी तसेच राहा म्हणू शकत नाही. पण चार वर्षांपूर्वीच्या आणि आताच्या फोटोंत, एकाच जागेवरून काढलेल्या, तळ्यातले आकाश कमी झालेले स्पष्ट दिसते. पाणी तेवढेच आहे. त्यात आता इमारती अधिक मावतात.

अशाच एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका काकू परवा माझ्याकडे आल्या. वय सत्तरीच्या पुढे. दिवाळीनंतर घर रिकामे करायचे. तीन वर्षे भाड्याच्या जागेत, मग अकराव्या मजल्यावर नवा फ्लॅट. चिठ्ठ्या टाकल्या त्यात त्यांच्या वाट्याला मागची बाजू आली होती. तिथून तळे दिसत नाही. “तक्रार नाही हो,” त्या म्हणाल्या, “घर मोठं आहे. पण तुम्ही एवढे फोटो काढता, तर माझ्या स्वयंपाकाच्या खिडकीतून एक काढून द्याल का? पहाटेचा. दूध तापवताना दिसतं तसं.”

मी गेले. खिडकीला जाळी, जाळीला बांधलेली सुतळी, ओट्यावर पातेले, आणि त्यापलीकडे दोन इमारतींच्या फटीतून तळ्याचा एक वीतभर तुकडा. मी जाळी टाळून पाणी तेवढे घेऊ लागले, तर काकू म्हणाल्या, “नाही नाही, पातेलं येऊ द्या. मी तळं पातेल्यावरूनच पाहिलंय.” बेचाळीस वर्षांचा हिशेब त्यांनी मला दूध उतू जायच्या आत सांगितला. या खिडकीतून त्यांनी सासूबाईंचे आजारपण काढले, मुलांच्या परीक्षा काढल्या, काकांच्या माघारी नऊ वर्षे काढली. ओट्यावर उभ्याने दिसते तेवढे तळे त्यांच्या हक्काचे होते. आणि पहाटे काठावर? “छे हो! त्या वेळेला कोण सोडतंय?”

फोटो दाखवायला मी त्यांना घरी बोलावले, तेव्हा संगणकावर माझे जुने फोटोही लावले. चार वर्षांच्या पहाटा एकापाठोपाठ सरकू लागल्या. काकू एकदम पुढे झुकल्या. काळ्या पाण्यातल्या त्या पहिल्या पिवळ्या चौकोनावर त्यांनी बोट ठेवले. “थांबा. हा तिसरा मजला ना? कडेचा?” आम्ही मोजले. त्यांचाच होता. मागचा फोटो पाहिला, त्यातही होता. पावसाळ्यातला, थंडीतला, मागल्या दिवाळीतला : सगळ्यांत होता. मी जिला इतके दिवस उजेड म्हणत होते, ती दूध तापवीत उभी असलेली एक बाई होती. काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “म्हणजे मी इतकी वर्षं तळ्यातच होते की.”

नरकचतुर्दशीच्या आधीच्या आठवड्यात एका पहाटे मी त्यांना खाली घेऊन आले. दूध त्या दिवशी सुनेने तापवायचे ठरले होते. सून उठली नाही, पण मुलगा उठला. आम्ही बाकावर बसलो. काकूंनी आपली खिडकी बाहेरून पहिल्यांदा पाहिली. तिच्यात दिवा होता आणि दिव्यात मुलगा पातेले शोधीत होता. मी एकच फोटो काढला आणि मग कॅमेरा पिशवीत ठेवला, कारण त्या बोलत होत्या.

काकूंना दोन्ही फोटो छापून दिले आणि मागे तारीख लिहिली. तारखेबद्दल मी फार काटेकोर आहे. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स या अमेरिकन छायाचित्रकाराने न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ या गावावर उगवलेल्या चंद्राचा फोटो काढला. दिवस मावळायला आलेला, कबरींवरच्या क्रुसांवर शेवटचे ऊन. जगातल्या अतिप्रसिद्ध फोटोंपैकी तो एक. पण अ‍ॅडम्सने तारीख लिहून ठेवली नव्हती आणि वर्षही दरवेळी निराळे सांगितले जाई. शेवटी खगोलशास्त्रज्ञांनी चंद्राच्या जागेवरून गणित मांडले आणि १९९१ साली तारीख निश्चित झाली : १ नोव्हेंबर १९४१, दुपारचे चार वाजून एकोणपन्नास मिनिटे. त्यांना चंद्र होता म्हणून बरे. आपल्या घरगुती फोटोंत चंद्र नसतो.

आणि हे केवळ घरगुती राहत नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्याला आली. पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू नारायण दाजी हे त्या पहिल्या पिढीतले छायाचित्रकार. म्हणजे ठाण्याला आगगाडी आणि मुंबईला कॅमेरा जवळजवळ बरोबरच आले. तेव्हापासून पूल निघाले, इमारती निघाल्या, राजेरजवाडे निघाले. बुजलेल्या तलावांच्या काठची एखादी साधी सकाळ, कपडे आपटणारी बाई, पाणी पिणारी म्हैस, हे काढण्यासाठी त्या महागड्या काचा कोण खर्च करणार? ते तलाव आता नावापुरते आहेत आणि काहींना तेवढेही भाग्य नाही. कोणता तलाव कुठवर होता असा वाद निघाला, तर दाखवायला त्याचा एक फोटो असता तर बरे झाले असते.

म्हणून वाचकहो, या दिवाळीत एवढे करा. फराळाच्या ताटाचे फोटो निघतीलच, ते निघू द्या. पण एका पहाटे आणि एका दिवेलागणीला आपल्या खिडकीतून, गॅलरीतून, जिन्यातून जे रोज दिसते त्याचा एक फोटो काढा. वाळत घातलेले कपडे दूर करू नका. तो छापून घ्या, कारण मोबाइल बदलतात आणि आतले हरवते. मागे पेन्सिलीने तारीख, वेळ आणि जागा लिहा. आणि ज्या घरात पहाटेचे दूध तापवणारे माणूस वर्षानुवर्षे एकच आहे, त्या घरात निदान एक दिवस ते दुसऱ्या कोणीतरी तापवावे. उतू गेले तरी चालेल.